डावी बाजू वर

इसोआजी मरणार नाही, हे करारात लिहिलेलं होतं. कलम कितवं ते आता आठवत नाही, पण मजकूर पाठ आहे. चित्रपटात उशिओदा कुटुंबातल्या कुणाचाही मृत्यू, गंभीर आजार किंवा कायमचं घर सोडून जाणं दाखवता येणार नाही. हे मांजरालाही लागू होतं. प्रकाशकांनी ते कलम घातलं आणि आमच्या स्टुडिओने मुकाट्याने सहीचा शिक्का मारला. उन्हाळी सुट्टीतला लहान मुलांचा चित्रपट, त्यात कोण कशाला मरायला जाईल, असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

'उशिओदा सायकल दुकान' ही चित्रकथा चाळीस वर्षं दर महिन्याला मासिकात येत होती. बंदराच्या गावातलं एक सायकल दुरुस्तीचं दुकान, ते चालवणारं कुटुंब, पंक्चर नावाचं मांजर, आणि सगळ्यांच्या आधी उठून दुकानापुढचा रस्ता झाडणारी इसोआजी. चाळीस वर्षांत नात नाझुना तिसरीतून चौथीत गेली नाही आणि आजीचा एक केस जास्तीचा पांढरा झाला नाही. आमच्याकडे अशी घरं कमी, जिथे या मालिकेचं एखादं पुस्तक न्हाणीघराबाहेर भिजून फुगलेलं पडलेलं नसेल. माझ्या माहेरी तर दोन होती.

माझं नाव मासुमी तोरिगोए. सुगिनामीतल्या एका लहानशा अॅनिमेशन स्टुडिओत मी निर्मितीचं काम बघते. म्हणजे चित्रं काढणारे चित्रं काढतात, रंगवणारे रंगवतात, आणि कुणाचंच काम वेळेवर होत नाही तेव्हा शिव्या मी खाते. शिवाय या चित्रपटाच्या वेळी आणखी एक काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मूळ लेखिका ओगिवाराबाई कुनिताचीला राहत. प्रत्येक टप्प्यावरची चित्रं घेऊन त्यांच्याकडे जायचं, त्यांची मंजुरी घ्यायची आणि परत यायचं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. वय एक्याऐंशी, एकट्या राहत, आणि पाहुण्याला जवाचा गार चहा स्वतः ओतून देत. हात इतका थरथरे की निम्मा चहा बशीत यायचा. मदत करायला गेलं की म्हणायच्या, "बस गं. बशीतला पण चहाच असतो."

त्या हातामुळेच दोन वर्षं झाली, मालिका बंद होती. मासिक जुने भाग पुन्हा छापत होतं आणि खाली लिहीत होतं की बाई विश्रांती घेत आहेत. खरी गोष्ट मला बाईंनीच सांगितली, काही लपवून न ठेवता. त्यांना शेवटचा एक भाग काढायचा होता. इसोआजी जाते, एवढाच. रडारड नाही, काही नाही. सकाळी रस्ता झाडलेला नाही हे शेजाऱ्याच्या लक्षात येतं, इथून सुरुवात. प्रकाशकांनी नको म्हटलं. आधी म्हणाले, वर्धापनदिन होऊ दे. मग म्हणाले, चित्रपट होऊ दे. मग कुरोसे नावाचा त्यांचा तरुण अधिकारी येऊन गोड शब्दांत सांगून गेला की बाईंनी काळजी करू नये, बाईंच्या नंतरही मालिका चालू राहावी म्हणून चित्रकारांचा एक गट तयार होतो आहे.

"माझ्या नंतर," बाई मला म्हणाल्या. "चांगल्या मनाने सांगितलं हो त्या मुलाने. पेढे वाटत असल्यासारखा चेहरा होता."

हे मी आमच्या दिग्दर्शकाच्या कानावर घातलं. शिओमी माझ्याच वयाचा, एकाच वर्षी आम्ही या धंद्यात शिरलो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो नाही. मला वाटलं तो बाईंची बाजू घेईल. तर हा चिडला.

"इसोआजी मरणार? वेडबिड लागलंय का?"

"बाईंना लागलंय म्हणतोस?"

"बाईंना नाही गं. पण म्हणजे... असं कसं मरेल?"

शिओमीची आई नूडलच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला असायची. शाळेतून आला की कुलूप उघडून आत जायचं, दिवा लावायचा आणि आई येईपर्यंत 'उशिओदा सायकल दुकान' वाचत बसायचं, असं त्याचं लहानपण गेलं. हे तो स्वतःच सांगतो, मुलाखतीत सुद्धा सांगतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, पण इसोआजीचा विषय निघाला की तिसरीतला होतो. करारातलं ते कलम त्याला जाचक वाटलंच नाही. ते नसतं तर त्याने स्वतः घालायला लावलं असतं.

तर अशा माणसाच्या हातून ते झालं.

चित्रपटाचा शेवटचा भाग बोनच्या सणाचा आहे. गेलेली माणसं चार दिवस घरी येतात, दारात त्यांच्यासाठी दिवे लागतात, संध्याकाळी पटांगणात रिंगण धरून नाच होतो. त्या संध्याकाळी इसोआजी निळी सुती युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला पायघोळ झगा, नेसून नाझुनाला घेऊन बंदराकडे चालत जाते. छोटासा शॉट. संकलनाच्या टेबलावर लक्षात आलं की आधीच्या सगळ्या चित्रांत बंदर डावीकडे आहे आणि या दोघी चालल्यात उजवीकडे. पुन्हा काढायला वेळ नव्हता. आमच्या धंद्यात यावर जुना उपाय आहे, चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं. उलटं करण्याआधी आम्ही दोन गोष्टी बघतो. पाटीवर अक्षरं आहेत का, आणि चेहऱ्यावर तीळबीळ आहे का. पाटी नव्हती. इसोआजीचा अंबाडा मधोमध, नाझुना हाफपँट आणि टीशर्टमध्ये, कारण तिने युकाता नेसायला नकार दिलेला असतो. शिओमी म्हणाला, "उलटा करून टाका." केला. मी शेजारी बसून फोनवर रंगवाल्यांशी भांडत होते.

पहिला खेळ चोफूमधल्या एका प्रक्षेपणगृहात ठेवला. दुपारची वेळ, तीसेक माणसं. बाई टॅक्सीने आल्या, पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या. कुरोसे त्यांच्या शेजारी. मी मागे उभी होते, कारण पहिल्या खेळाला मला बसवत नाही.

चित्रपट संपला, दिवे लागले, टाळ्या झाल्या. अशा टाळ्यांना काही अर्थ नसतो, ज्यांनी काम केलं तेच वाजवत असतात. बाई उठल्या नाहीत. कुरोसेने वाकून काही विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि मग शिओमीला बोलावून घेतलं. तो जवळ जाताच त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि त्याला वाकून नमस्कार केला. साधा नाही, कमरेतून पार खाली. एक्याऐंशी वर्षांच्या बाईंनी तसं वाकल्यावर तीस माणसांची खोली गप्प झाली. शिओमी बिचारा त्यांच्याहून खाली वाकायच्या धडपडीत खुर्चीवर आपटला.

"तुम्ही हिंमत केलीत," बाई म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं कुणी करेल."

"बाई, मी कसली..."

"नका सांगू. सांगायची गोष्ट नाही ती." आणि त्यांनी आपला थरथरता उजवा हात छातीशी नेला, कपड्याची उजवी बाजू डाव्या बाजूवर ओढून घेतल्यासारखं केलं, आणि हसल्या. गेल्या दोन वर्षांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग त्या टॅक्सीत बसून गेल्या. कुरोसे दारापर्यंत पोचवायला गेला. त्याला काही कळलं नव्हतं. मला कळलं, आणि माझी पाचावर धारण बसली.

आमच्याकडे मुलाला पहिली युकाता नेसवताना आई एकच गोष्ट बजावते. पुढे दोन बाजू एकमेकींवर येतात, त्यातली आधी उजवी अंगाशी, मग तिच्यावर डावी. डावी बाजू वर. चुकलं तर आजी हातावर चापट मारते, कारण उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची असते. शेवटची आंघोळ घालून पांढरी वस्त्रं नेसवतात तेव्हा तशी. मी स्वतः ती चापट खाल्लेली आहे. आणि आम्ही तिघे-चौघे शहाणे त्या टेबलाभोवती बसून पाटीवरची अक्षरं शोधत होतो.

चित्र उलटं केलं, बाजू उलटी झाली. बोनच्या संध्याकाळी, दिवे लागलेले असताना, इसोआजी मेलेल्या माणसाचा वेष नेसून नातीबरोबर बंदराकडे चालली होती. त्यात भर म्हणून त्या शॉटनंतरचे तिचे मोठ्या माणसांशी असलेले सगळे संवाद आम्ही लांबी कमी करताना कापले होते. म्हणजे त्यानंतर तिच्याशी नाझुना सोडून कुणी बोलतच नाही. ठरवून केलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं.

शिओमीला मी गाडीतळावर गाठलं. तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता, चेहरा उतरलेला.

"मी मारलं तिला," तो म्हणाला.

"एक बटण दाबून. त्रास तरी नाही झाला तिला."

"चेष्टा सुचतेय तुला."

"मग काय रडू? दुरुस्त होईल. एका शॉटची चित्रं आहेत, दुपारभरात बदलून देतील पोरं. कुरोसेच्या लक्षात आलेलं नाही. गुपचूप करू आणि विसरून जाऊ."

"आणि बाई?"

बाईंनी मंजुरीच्या कागदावर अजून शिक्का मारलेला नव्हता, हे एक. पण तो त्याबद्दल विचारत नव्हता.

"त्या माझ्यासमोर वाकल्या गं," शिओमी म्हणाला. "माझी चूक बघून वाकल्या. मी गुपचूप दुरुस्त केलं आणि त्यांनी ते थिएटरात पाहिलं, तर काय वाटेल त्यांना? भ्यायला, मागे फिरला, असंच ना. त्यापेक्षा जाऊन सांगतो."

"सांगितल्यावर तरी काय वाटेल?"

"खरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुनिताचीला गेलो. वाटेत योकान घेतलं. लाल घेवड्याच्या गोड वड्या, विटेसारख्या जड. माफी जितकी मोठी तितका खोका जड हवा, असं आमच्या धंद्यात म्हणतात, आणि शिओमीने दुकानातला सगळ्यात जड खोका उचलला. एका हातात धरवेना त्याला.

बाईंनी दार उघडलं, आधी खोका पाहिला, मग शिओमीचं तोंड. तेवढ्यानेच त्यांना निम्मं कळलं असावं, कारण कालचं हसू गेलं.

चहा ओतून होईपर्यंत शिओमी हवापाण्याचं बोलत राहिला. मी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावला. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवायचं? शेवटी तो चटईवर हात टेकून वाकला आणि सगळं सांगून टाकलं. बंदर डावीकडे होतं, आजी उजवीकडे चालली होती, वेळ नव्हता, उलटं केलं.

"म्हणजे चूक," बाई म्हणाल्या.

"चूक, बाई. अक्षम्य."

"तरीच." त्यांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. तेवढ्याला बराच वेळ लागला. "पुढे नाचात बाजू पुन्हा सरळ झाली होती. मला वाटलं, शेवटी घाबरलात. मनात म्हटलं, तरी एवढी हिंमत केली, पुरे आहे. रात्रभर झोप नाही आली मला. आनंदाने हो. या वयात आनंदाने जागायचं म्हणजे..."

शिओमीने मान वर केली नाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"आता एक विचारते," बाई म्हणाल्या. "चूक होती, ठीक. पण मी म्हटलं, आता ती चूक नको, मुद्दाम करा. कराल?"

"बाई, करारात..."

"करार प्रकाशकांचा. मंजुरी माझी. तो कागद आण गं मासुमी, शिक्का मारून देते, वर काय सोसायचं ते मी सोसेन. मी करार नाही विचारत. तुम्ही कराल का?"

शिओमीने समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "नाही जमणार मला."

"का?"

"मी शाळेतून यायचो तेव्हा घरात कुणी नसायचं, बाई. ती असायची."

हे तो मुलाखतीत शंभरदा बोललेला आहे, पण त्या दिवशी ते मुलाखतीतलं वाटलं नाही. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलाखालून कोरा कागद आणि पेन्सिल काढून त्याच्यापुढे सरकवली.

"काढा तिला."

"आत्ता?"

"आत्ता. रस्ता झाडतानाची."

शिओमीने काढली. हा माणूस झोपेतही इसोआजी काढू शकतो. दोन-चार मिनिटांत ती कागदावर उभी राहिली, कमरेत जराशी वाकलेली, खराटा दोन्ही हातांत, तोंडाने काहीतरी पुटपुटत असलेली. इतकी जिवंत की मला खराट्याचा आवाज आला.

बाईंनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. कागदही थरथरत होता.

"माझ्यापेक्षा छान काढता," त्या म्हणाल्या. "खोटं नाही बोलत. आता मला ही रेघ येत नाही. आणि तुम्हालाच नाही, त्या कुरोसेच्या गटातल्या पोरांना पण येते. पाहिलीत मी त्यांची चित्रं. सगळ्यांना येते ती." कागद खाली ठेवला. "म्हणून तर भीती वाटते मला. मी जाईन. ती उद्याही उठेल, रस्ता झाडेल. परवाही. तुम्ही जाल, तो कुरोसे जाईल, तरी ती झाडतच राहील. एवढ्या सगळ्या माणसांना ती हवी आहे. पण तिला कुणी म्हणणार नाही की बस गं बाई, आता टेक जरा."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"माझी आई अशीच होती," बाई पुढे म्हणाल्या. "सगळ्यांना हवी होती. शेवटी ती झोपायला मागायची आणि आम्ही म्हणायचो, आई, अजून थोडं खा, अजून थोडं बस. प्रेमाने हो. प्रेमानेच छळलं तिला." मग एकदम आवाज बदलून, "जाऊ दे. नाही जमणार म्हणालात, खरं बोललात, बरं वाटलं. तुमच्या हातात आहे, काय करायचं ते करा. मी रागावणार नाही." आणि मंजुरीच्या कागदावर शिक्का मारून दिला. हात थरथरल्यामुळे शिक्का तिरका आला. तेवढ्यापुरत्या त्या वैतागल्या, "आता हे पण सरळ जमत नाही."

स्टुडिओत पोचल्यावर शिओमी म्हणाला, त्या शॉटची उलटी केलेली चित्रं छापून दे, दुरुस्ती मी स्वतः करतो. मी दिली. त्याने पहिलं चित्र खालून दिवा लागणाऱ्या टेबलावर ठेवलं, वर कोरा कागद लावला आणि बाजू सरळ करायला घेतली. डावी वर. एक चित्र झालं. दुसरं झालं. मी माझ्या जागेवर जाऊन पाठवायच्या प्रतींच्या मागे लागले. थोड्या वेळाने बघते तर तो हात बांधून बसलेला, समोर ती दोनच चित्रं.

"मासुमी, नाचाची चित्रं कुठेयत?"

"कपाटात. का? ती बरोबर आहेत."

"म्हणून तर पाहिजेत."

मला क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं, आणि मी त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

"हे बघ," मी म्हटलं, "माझं काम सांगायचं आहे म्हणून सांगते. नाचाचा भाग मोठा आहे. ती रिंगणात फिरते, वळते, हात वर करते. प्रत्येक चित्रात बाजू दिसते. पोरांना आता हे काम सांगायची माझी छाती नाही."

"पोरांना नाही सांगायचं. मी करतो."

"आणि कुरोसे?"

"एका ठिकाणी उलटी दिसली तर ती चूक. बाईंच्या सुद्धा लक्षात आलं ते. शेवटपर्यंत उलटी असली, की मग कुणी चूक म्हणू शकत नाही."

"तेच म्हणतेय मी. तुला मग चूक झाली म्हणून सुटताही येणार नाही. पुढचा चित्रपट तुला मिळणार नाही, शिओमी. कदाचित कुठलाच नाही."

त्याने आपण दुरुस्त केलेली ती दोन चित्रं घेतली आणि बाजूच्या टोपलीत टाकली.

"काल मी म्हटलं ना, मी मारलं तिला," तो म्हणाला. "तसं नव्हतं ते. धडपडून पडलो आणि तिला धक्का लागला, एवढंच. आता नीट नेसवतो तिला. हे आपणच करायचं असतं, परक्यावर टाकायचं नसतं."

मी उठून कपाट उघडलं आणि नाचाची चित्रं त्याच्या टेबलावर आणून ठेवली. त्याने ती सगळी स्वतः केली, आठवडाभर दुसऱ्या कशाला हात न लावता. बाजू नेसवताना घडी पडते, ती प्रत्येक वळणावर वेगळी पडते. तो एकेक घडी नीट बसवत होता. रडत वगैरे नव्हता, उलट मधूनमधून गुणगुणत होता. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी मुद्दाम त्याच्यामागे मुदतीची कटकट लावून ठेवली. त्यालाही ती बरी वाटत असावी.

शेवटच्या तपासणीला कुरोसे आला. त्याचं सगळं लक्ष पंक्चर मांजराकडे होतं, कारण त्याची बाहुली बाजारात येणार होती आणि मांजर पडद्यावर किती वेळ दिसतं यावर वरून विचारणा होत होती. संपल्यावर म्हणाला, "सुंदर. शेवटी का कोण जाणे, डोळे भरून आले माझे." लेखिकेचा शिक्का पाहिला, आपला मारला. आम्ही दोघं मूग गिळून उभे.

चित्रपट जुलैच्या सुट्टीत लागला. पहिल्या दिवशी सकाळच्या खेळाला मी आमच्या भागातल्या थिएटरात जाऊन मागे उभी राहिले. मुलं मांजराला हसली, सायकलच्या शर्यतीला ओरडली. बंदराकडे चालत जायचा शॉट आला तेव्हा मुलांना काहीच कळलं नाही, ती मक्याच्या लाह्या खात होती. पण माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारी बाई नातवाला घेऊन बसली होती, ती पुढे सरकली. नाच सुरू झाला तेव्हा तिने पर्समधून रुमाल काढला. नातवाने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही रे, किती छान नाचतेय बघ आजी.

मी स्टुडिओत परतले तर शिओमी आपल्या टेबलाशी नुसता बसून होता. दुपार उतरायला आली होती. फोन वाजला. कुरोसे होता. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर मध्ये ठेवला.

"तोरिगोएबाई," तो म्हणाला. श्वास लागलेला होता. "माझ्या आईचा फोन आला होता. ती आत्ता पाहून आली. रडतेय. मला विचारते, इसोआजी गेली का रे? मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. तर म्हणते, तिची बाजू बघितली नाहीस का तू? मी आत्ता पुन्हा लावून पाहिलं. उजवी वर आहे."

"हो," मी म्हटलं.

"उलटं केलेलं असणार ना चित्र? होतं असं, मला माहीत आहे. मी वर तसंच सांगतो, कारागिरांकडून नजरचूक झाली. आठवड्याभरात दुरुस्त प्रती पाठवू, कुणावर काही येणार नाही. फक्त चूक होती एवढं मला दिग्दर्शकांच्या तोंडून पाहिजे."

पोरगा मनाने वाईट नव्हता. दार उघडून धरलं होतं त्याने, नुसतं बाहेर पडायचं होतं. मी शिओमीकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि फोनकडे तोंड करून बोलला.

"शिओमी बोलतोय. चूक नाही ती. आमच्या इसोआजी गेल्या. काही त्रास झाला नाही. शांतपणे गेल्या."

मला वाटलं फोन कापला. आता कराराचं कलम येणार, वकील येणार, म्हणून मी कागद-पेन जवळ ओढलं.

मग कुरोसेचा आवाज आला, अगदी हळू. कुणाच्याही घरी कुणी गेल्यावर दारात उभं राहून आपण जे बोलतो, लहानपणापासून ऐकून तोंडात बसलेलं, ते त्याच्या तोंडून आपोआप आलं.

"फार वाईट वाटलं ऐकून," तो म्हणाला. "आपल्या घरच्या सगळ्यांना सांभाळा."

शिओमी फोनसमोर कमरेतून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.